ठेंगण्यांची मोजदाद

९ फेब्रुवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. दोरीसुद्धा न सुटता आलं. आभार.

चार वर्षांनी पत्र येतंय म्हणून आधीच सांगते, मी आजारी नाही आणि मला काही नकोय. आमच्या कार्यालयाने सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. दुसरं कुणी सुचलं नाही. कधी कार्यालयाचा फोन आला तर दचकू नकोस, एवढंच कळवायचं होतं.

एवढंच म्हटल्यावर पत्र संपायला हवं. पण होडी यायला अजून महिना आहे आणि कागद बराच उरलाय.

बेटावर पक्ष्यांवर लक्ष ठेवायला आम्ही दोघंच आहोत, मी आणि मिस्त्री. तो जनरेटर चालवतो, पत्रे ठोकतो, स्वयंपाक करतो आणि बोलतो. यातलं शेवटचं काम तो सगळ्यात मन लावून करतो. गेल्या होडीच्या वेळी तापाने पडला होता. ते तीन दिवस इतकी शांतता होती की मीच खाकरले तरी मला दचकायला होत होतं. आता बरा आहे. म्हणजे बोलतोय.

पक्षी आहेत तसेच आहेत. शेवटच्या मोजणीत एकशे सत्त्याऐंशी. कागदोपत्री त्यांना हातभर लांब नाव आहे, पण आम्ही ‘ठेंगणी’च म्हणतो. हे नाव मिस्त्रीने ठेवलं. पाणकोंबडीच्या कुळातली, तपकिरी, जाड लाल पायांची. पंख आहेत, पण बाहुलीच्या झग्याला हात असावेत तितपत. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

पार्सलमधला अण्णांचा स्वेटर मला होतो. चष्मा टेबलावर ठेवलाय. पत्रांबद्दल पुढे कधीतरी.

मोठी

२३ फेब्रुवारी

धाकटे,

आधीचं पत्र अजून इथेच आहे, तेव्हा हे त्याच पाकिटात जाईल. फाडायलाही अजून वाव आहे.

पत्रांबद्दल. मी अण्णांना पाठवलेली अकराही पत्रं तू मला परत पाठवलीस. उघडेपर्यंत मला वाटलं होतं की नुसतीच परत पाठवलीस. समासात तुझं अक्षर असेल असं वाटलं नव्हतं. ‘रविवारी वाचलं. दोनदा.’ ‘आज ऐकू येत नव्हतं, पाटीवर लिहून दाखवलं.’ ‘वादळाचा भाग आवडला, शेजाऱ्यांनाही सांगितला.’ दिवसभर दुकानात लोकांच्या कानांना यंत्रं लावायची आणि घरी येऊन माझी पत्रं ओरडून वाचायची. तू हे करत असशील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात अण्णा खिडकीशी बसून स्वतःच वाचतायत असं चित्र होतं.

पंखांच्या पत्रावर तू लिहिलंयस, ‘तीनदा वाचायला लावलं. विचारतात, वापर नाही म्हणून गंजले का?’ आणि त्याच्याखाली, ‘उडायचंच नाही तर पक्षी कशाला म्हणायचं? मी म्हटलं, तुमच्या थोरलीला विचारा.’

विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता तुलाच सांगते.

गंजत नाहीत. लिफ्टची कप्पी वापरली नाही तर गंजते, आणि आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला तसंच वाटणार. पण बापाने पंख वापरले नाहीत म्हणून पोराचे लहान होत नाहीत. झालं असं की कधीतरी, हजारो वर्षांपूर्वी, वादळाने चारदोन पाणकोंबड्या या खडकावर आणून टाकल्या. चांगल्या उडणाऱ्या होत्या. इथे त्यांच्या मागे लागणारं काहीच नव्हतं. साप नाही, मांजर नाही, उंदीर नाही. खायला पायाशी होतं. अशा जागी उडणं म्हणजे नुसता खर्च. छातीचा तो मोठा स्नायू पोसायला रोज खावं लागतं. ज्यांचा स्नायू जन्मतःच थोडा लहान होता त्यांचं कमी खाण्यात भागलं, दुष्काळात त्या टिकल्या, त्यांची पिल्लं जास्त जगली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आपल्या कोंबडीच्या छातीच्या हाडाला मधोमध उभा कंगोरा असतो ना, ज्याला तो स्नायू धरून असतो? ठेंगणीला तो नावापुरता आहे. बोट फिरवलं तर शिवणीसारखा लागतो.

दूरदूरच्या कितीतरी बेटांवर पाणकोंबड्यांचं असंच झालं, एकमेकींना न विचारता.

पंखांबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती मी अण्णांना लिहिली नव्हती. भीती जाते. ठेंगणी माणसाकडे चालत येते. बुटाची नाडी ओढून बघते. अंडी वर्षातून दोनदा घालते, दर वेळी दोनच, तीही उघड्यावर, गवताच्या बुडाशी. कुणी पळवेल हे तिच्या गावीही नसतं.

बाकी विशेष नाही. बेटभर आम्ही साठ लाकडी पेट्या ठेवल्यात, दोन्ही बाजूंनी उघड्या, आत शाई लावलेला कागद. कोण फिरकलं त्याचे ठसे उमटतात. गुरुवारी बाराव्या पेटीत काहीतरी उमटलं होतं. खेकडा असावा.

मोठी

८ मार्च

धाकटे,

खेकडा नव्हता.

मला ते तेव्हाच माहीत होतं. पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला पाच. तुला लिहिताना खेकडा लिहिलं, कारण मिस्त्रीलाही तेच सांगितलं होतं आणि नोंदवहीतही तेच लिहिलं होतं. एकदा लिहिल्यावर सगळीकडे सारखंच असलेलं बरं.

उंदीर आलाय. किंवा आलेत.

दुसऱ्या दिवशी तीन घरट्यांत फुटकी अंडी दिसली. पिल्लू बाहेर येतं तेव्हा टोपी काढावी तसं कवच उघडतं. यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. चौथ्या घरट्यात मादी बसून होती. तिच्या पोटाखाली नुसती टरफलं. मी उचललं तरी हलली नाही.

बारा दिवस मी कुणाला न सांगता पिंजरे लावले. सकाळी मिस्त्री जनरेटरशी झटापट करत असायचा तेव्हा बघून यायचे. पाच तारखेला एक उंदीर सापडला. मादी होती, गाभण. म्हणजे एकटी आलेली नव्हती.

पिंजरा घेऊन परत येताना मिस्त्री वाटेतच भेटला.

“बाई, काय आहे त्यात?”

मी दाखवलं.

“हा कुठला खेकडा?” तो म्हणाला. मग स्वतःच पायरीवर बसला. म्हणाला, “गोणीतून?”

“गोणीतून.”

“मी तापात होतो त्या वेळी?”

“हो.”

तुला नियम माहीत असायचं कारण नाही. होडीतून उतरलेली प्रत्येक गोणी आधी बंद खोलीत न्यायची, दार लावून घ्यायचं, तिथे उघडायची, रिकामी करून झटकायची. त्या खोलीला फट नाही. तेरा वर्षांत मी हे एकदाही चुकवलं नव्हतं. तीस जानेवारीला मी एकटी होते. तीन गोण्या आत नेल्या. चौथी ओसरीवर होती, तिच्या वर तुझं पार्सल ठेवलेलं होतं. पार्सल उचललं, दोरी सोडली, आणि तिथेच बसले. अकरा पत्रं वाचायला किती वेळ लागावा? माझीच होती, मला पाठ होती. पण समास वाचत होते. उठले तेव्हा ऊन ओसरीवरून खाली गेलं होतं. गोणी आत नेली तेव्हा बुडाशी एक भोक होतं. मला वाटलं, होडीत खिळ्याला अडकली असेल.

हे तुझ्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. पार्सल तू पाठवलंस, गोणी मी ठेवली. ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने सांगतेय.

मिस्त्री म्हणाला, “आता काय करायचं?”

“रेडिओ लावा.”

कार्यालयातले साहेब स्वतः रेडिओवर आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “पहिला ठसा कधीचा?”

“वीस तारखेचा.”

“आज पाच. तेरा दिवस तुम्ही काय करत होतात?”

“पिंजरे लावत होते.”

“ते कळलं. आम्हाला का कळवलं नाहीत?”

“आज कळवतेय.”

मग म्हणाले, “बाई, तुम्ही तरी असं करायला नको होतं.” यातला ‘तुम्ही तरी’ मला पुरला.

अकरा तारखेला खास होडीने माणसं येतायत. तीच हे पाकीट घेऊन जाईल.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

आठ जण आलेत. त्यांच्यात एक पशुवैद्य आहे, बाकीचे जाळीवाले, विषवाले. बेटावर एवढी चपलाबुटांची गर्दी कधी नव्हती. मिस्त्रीला ऐकणारे आठ जोडी कान मिळालेत, तो खूश आहे आणि ते लपवतोय.

काम असं. उंदरांसाठी बेटभर विषाच्या गोळ्या टाकायच्या. पण ठेंगण्या त्या गोळ्याही खातील, नवीन दिसेल ते चाखून बघायची त्यांची खोडच आहे. म्हणून आधी बेटावरची प्रत्येक ठेंगणी धरायची, जाळीच्या कोंडवाड्यांत ठेवायची, आणि उंदीर संपून गोळ्या विरून जाईपर्यंत सांभाळायची.

जाळीवाले मोठमोठी जाळी घेऊन आले होते. मी म्हटलं, लाल बादली आणा. बादली गवतात ठेवली आणि बाजूला बसले. पाच मिनिटांत तिघी बादलीत डोकावत होत्या. हाताने उचलल्या. जाळीवाल्यांचा मुकादम म्हणाला, “अहो, ह्या पळत कशा नाहीत?” कुणीतरी हसलं. नंतर हसायचं थांबलं, कारण सबंध दिवस तेच चाललं. उचलायची, पायात कडं घालायचं, पेटीत ठेवायची. जी गोष्ट आम्हाला इतकी सोपी होती ती उंदरांनाही तितकीच सोपी होती, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं असावं.

एकशे एकाहत्तर धरल्या. पाच मेलेल्या सापडल्या. अकरांचा पत्ता नाही. मोठ्या पक्ष्यांचा हा हिशेब. अंडी आणि पिल्लं त्यात मोजलेली नाहीत, ती मोजून काही उपयोग नाही.

चौकशी होणार आहे. पथकाच्या प्रमुखबाईंनी आमचे जबाब घेतले. आधी मिस्त्री आत गेला. मग मला बोलावलं.

बाई कागद बघत म्हणाल्या, “गोणी मिस्त्रींनी बाहेर उघडली. तुम्ही बंद खोलीत होतात. बरोबर?”

“असं कोण म्हणालं?”

“ते स्वतःच. सहीसुद्धा केलीय.”

मी दार उघडून त्याला हाक मारली. “मिस्त्री, तीस जानेवारीला तुम्ही कुठे होतात?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “ओसरीवर.”

“तुम्हाला एकशे तीन ताप होता. मीच मोजला. नोंदवहीत आहे.”

“तापातच उघडली असेल. मला काय आठवतंय?”

“मिस्त्री.”

“माझं काय जाणार आहे, बाई?” तो एकदम मोठ्याने म्हणाला. “मला कुठेही पत्रे ठोकता येतील. तुम्ही कुठे जाणार?”

प्रमुखबाईंनी त्याचा कागद उलटा करून ठेवला आणि नवा कोरा घेतला. मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, मी सही केली. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एकदा खरं सांगायला लागलं की मधेच थांबता येत नाही, असं दिसतंय. तेव्हा दुसरंही सांगते.

अण्णा गेले तेव्हा मी तुला लिहिलं होतं, ‘होडी नव्हती.’ तू उत्तर पाठवलंस, ‘ठीक आहे.’ त्यानंतर चार वर्षं काही नाही. माझा असा समज आहे की तुला तेव्हाच शंका आली होती.

होडी होती. सात सप्टेंबरला दुपारी रेडिओवर निरोप आला, ‘वडील अत्यवस्थ, ताबडतोब या.’ होडी त्याच सकाळी लागलेली होती, आणि तिचा पंप बिघडला म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धक्क्याला होती. तांडेलाने तीनदा विचारलं, “बाई, येताय ना?” मी म्हटलं, पिल्लं फुटायची वेळ आहे, मला हलता येणार नाही. पिल्लं फुटायला तीन आठवडे होते.

का, हे मी बराच काळ स्वतःलाही नीट सांगितलं नाही. मी घाबरले होते. अण्णा जातील याला नाही. त्या खोलीला. औषधं कुठल्या डब्यात, कुशीवर कसं वळवायचं, कुठल्या कानाशी बोलायचं हे सगळं तुला ठाऊक असणार, आणि मी पाण्याचा पेला कुठे असतो ते विचारत दारात उभी राहणार. पाहुण्यासारखी. तू काही म्हणाली नसतीस. तेच मला नको होतं.

नऊ वर्षं ‘पुढच्या हंगामानंतर येते’ असं लिहीत होते. मग यायला तोंड राहिलं नाही.

यात माफी वगैरे मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ताई

२४ मे

धाकटे,

तुझं पत्र आज सकाळच्या होडीने आलं. होडी दुपारी परत निघेल, तोवर हे लिहून देते. अक्षराकडे बघू नकोस.

आधी इथली हकीगत. पाच आठवडे एकाही पेटीत ठसा नाही. दोन वर्षं असंच गेलं तर बेट स्वच्छ झालं असं म्हणतील, त्याआधी नाही. कोंडवाड्यात तीन पक्षी दगावले, चार पिल्लं निघाली. माझ्या जागी नवी बाई आलीय, तिशीची असेल. फार प्रश्न विचारते, चांगली आहे. मी तिला सगळं दाखवलं, भोक पडलेली गोणीसुद्धा. ती मी टाकली नव्हती. तिने ती बंद खोलीच्या दाराला आतून टांगली. मला विचारलं नाही, बरं केलं.

आता तुझं पत्र.

तू लिहितेस, डॉक्टरांनी तीन तारखेलाच सांगितलं होतं, आठवडा जेमतेम. आणि तू कार्यालयाला कळवलंस सात तारखेला. ‘मधले चार दिवस मला ते एकटीला हवे होते. तू आली असतीस तर ते तुझ्याकडेच बघत बसले असते. आयुष्यभर मी पाणी देत होते आणि ते तुझ्या पत्राची वाट बघत होते. म्हणून कार्यालयाला फोन केला नाही. मग तू आली नाहीस, तेव्हा मला वाटलं माझ्या उशिरामुळेच तुझी होडी चुकली. ते तुला कळू नये म्हणून मी लिहिणं बंद केलं. होडी होती हे वाचल्यावर आधी मला हसू आलं. मग नाही.’

हे मी चार वेळा वाचलं. माझा समज होता की तू रागावून गप्प आहेस.

मग मी कपाटातून त्या वर्षीची नोंदवही काढली. तुला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नव्हतं. जे घडलं तेच बघायचं होतं. त्यातलं उतरवून देते.

सव्वीस ऑगस्ट: होडी परत गेली. सत्तावीस ऑगस्ट ते सहा सप्टेंबर: होडी नाही, समुद्र खवळलेला. सात सप्टेंबर, सकाळी आठ: होडी लागली. आठ सप्टेंबर, दुपारी बारा: होडी गेली.

म्हणजे तू तीन तारखेला कळवलं असतंस, तर मी चार दिवस धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या असत्या आणि शेवटी त्याच होडीत बसले असते. किंवा बसले नसते. बंदरापर्यंत दोन दिवस लागतात. दहा तारखेला दुपारी घरी पोचले असते. अण्णा अकराच्या संध्याकाळी गेले. दीड दिवस मिळाला असता. तू तीनला कळवलंस काय आणि सातला कळवलंस काय, तेवढाच.

तुझ्या चार दिवसांनी काहीही बिघडलं नाही, धाकटे. ते चार दिवस तुझे होते आणि ते तू घेतलेस, ते बरोबरच झालं. बिघडलं ते आठ तारखेच्या दुपारी, आणि ती दुपार माझी आहे. ती मी तुझ्यासोबत वाटून घेणार नाही.

अण्णा शेवटी काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर समोर सांग, कागदावर नको.

तांडेल शिट्टी वाजवतोय. मिस्त्री दारात उभा राहून म्हणतोय, “बाई, पत्र लिहिताय का पोथी?”

मी पुढच्या फेरीने निघतेय. होडी सात जूनला, शनिवारी दुपारी बंदरावर लागते. कार्यालयाने लॉजमध्ये खोली घेतलीय, तुझ्या दुकानापासून दोन थांब्यांवर. चौकशी सोमवारी सकाळी दहाला आहे.

रविवार रिकामा आहे.

ताई